खामगावचा कापूस बाजार : गाडीतळ ते बाजार समिती

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या तारखेपासून सुरू करायचा, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. खामगावच्या कापूस बाजाराला तो लावता येत नाही. हा बाजार कोणी ठराव करून उघडला नाही. आधी गाड्या सुटू लागल्या, मग दुकाने लागली, मग रेल्वे आली, तिच्या मागोमाग सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. कायदा आला तो सगळ्यांच्या शेवटी. ज्याच्या मालावर हा सारा पसारा उभा होता, त्या कास्तकाराला बाजाराच्या समितीत बसायला या कायद्यानेही जागा ठेवली नव्हती. ती जागा त्याला किती उशिरा आणि किती थोडी मिळाली, हे मला या इतिहासाचे मुख्य सूत्र वाटते. म्हणून शेड, गोदामे आणि पदाधिकाऱ्यांच्या याद्या इतर पानांवर सोडून मी इथे त्याच गोष्टीमागे गेलो आहे.

खामगावची जागाच बाजाराची आहे. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग. बोथ्याचा घाट चढून गेले की बुलढाणा, आणि त्या पठारावर पुढे चिखली, मेहकर. उत्तरेला उतार संपतो तिथून पूर्णेचे खोरे पसरते. नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदपर्यंतची ही काळी, भेगाळणारी जमीन एका पावसाची ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि कपाशीला दुसरे काय हवे असते? जुन्या कागदपत्रांत वरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्याला पयनघाट म्हटले आहे. घाटावरचा माल खाली उतरायचा आणि खोऱ्यातला माल वर सरकायचा, त्या सांध्यावर खामगाव आहे.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने इथल्या व्यापाराची सुरुवात १८२० च्या सुमाराची धरली आहे. काही व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांची उलाढाल सुरू केली. पहिला मान तुपाचा आणि सुताचा होता, कापूस शेवटी होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वेळी वऱ्हाडातला बराचसा कापूस गावातच कातला जाई, विणला जाई. बाहेर जाणारा माल बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, वाटेत धूळ, आणि वळवाचा पाऊस गाठला तर अर्धा माल कुजलेला. १८२५–२६ च्या सुमारास हैदराबादच्या विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने हा प्रवाह मुंबईकडे वळवला. सुमारे पाचशे बैलांवर लादलेला वऱ्हाडचा कापूस त्यांनी जमिनीवरून सरळ मुंबईला पाठवला. पाचशे बैल हा आकडा आज किरकोळ वाटेल. वऱ्हाडच्या कापसाचे तोंड समुद्राकडे मात्र तिथूनच वळले.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढच्या आठ वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमावर येत होता. १८६१ ते १८६५ या काळात तो आटला. मँचेस्टरचे डोळे हिंदुस्थानकडे लागले, त्यातही वऱ्हाडकडे. भाव असे चढले की पयनघाटातल्या शेतकऱ्याच्या हाती एवढी नाणी पूर्वी कधी आली नव्हती. लढाई संपताच भाव कोसळले, मुंबईच्या सट्टेबाजांच्या पेढ्या बुडाल्या. पण ज्वारीच्या रानात शिरलेली कपाशी तिथून मागे हटली नाही. सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला होता. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा तरुण अधिकारी त्या जागेवर होता.

मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यातून सरळ पूर्वेला गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव रुळांवर आले आणि वऱ्हाडातला एवढा मोठा कापूस बाजार आठ मैल बाजूला राहिला. जवळचे स्टेशन जलंब. हंगामात या आठ मैलांत गाड्यांची रांग तुटत नसे. शेवटी सरकारने स्वतःच्या पैशाने जलंब ते खामगाव हा फाटा बांधला. हिंदुस्थानात तोवर रेल्वे बांधत होत्या विलायती कंपन्या, सरकारने हमी दिलेल्या भांडवलावर. सरकारने स्वतः बांधलेल्या अगदी पहिल्या मार्गांत या चिमुकल्या फाट्याची गणना होते. पाठोपाठ बडनेरा ते अमरावती हा तसाच फाटा झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन फाट्याचे उद्घाटन करून गेले. हिंदुस्थानातल्या सर्वोच्च इंग्रज अधिकाऱ्याने तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी वऱ्हाडातल्या एका बाजारगावी यावे, यावरून त्या गावाच्या कापसाची किंमत कळते.

त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन भिडली. वऱ्हाडातले तारयंत्र तिच्याशी जोडले होतेच. आफ्रिकेला वळसा घालून जाणारे जहाज आता अनेक आठवडे वाचवून लिव्हरपूल गाठू लागले आणि लिव्हरपूलचा भाव खामगावला तारेने कळू लागला. कळू लागला तो दलालाला. गाडीवर बसून आलेल्या कास्तकाराच्या कानावर तो सगळ्यांच्या शेवटी पडे, आणि तोही दलालाला पाहिजे तेवढाच.

अशी अडवणूक इथेच होती असे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या त्याच काळात तिकडे वेल्सच्या दक्षिणेत मर्थर टिडफिलसारखी गावे लोखंडाच्या भट्ट्यांभोवती आणि कोळशाच्या खाणींभोवती वाढत होती. डाउलेसच्या कारखान्यात जगभरच्या रेल्वेसाठी रूळ तयार होत. तिथले गाव कारखान्याचे होते. घरे कंपनीची, दुकानही बहुधा कंपनीचे. मजुराची मजुरी त्याच दुकानात जिरे. ही पद्धत बंद करायला ब्रिटिश पार्लमेंटने १८३१ मध्ये कायदा केला, तरी ती बरीच वर्षे रेंगाळली. खामगावात गावाचा असा एकच मालक नव्हता. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी होते, पुढे व्होलकार्ट आणि रॅली यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडात उतरले. पण ज्या अडत्याकडून पेरणीच्या वेळी उचल घेतली, त्याच्याच दुकानी कापूस घालायचा, हा इथला अलिखित नियम होता. वेल्सच्या मजुराला कंपनीच्या दुकानातून सुटका नव्हती आणि आपल्या कास्तकाराला अडत्याच्या वहीतून. फरक एवढाच की त्यांच्यासाठी १८३१ मध्ये कायदा झाला, आपल्या बाजाराचा कायदा यायला १८९७ साल उजाडले.

त्याआधी जिनांविषयी लिहिले पाहिजे, कारण स्मरणिकांत त्यांच्या चिमण्यांचे फोटो येतात आणि आत बसणाऱ्या बाया येत नाहीत.

वाफेच्या जिनांपूर्वी सरकी काढायचे काम घरात होई. लाकडी रेच्याच्या दोन लाटांमध्ये कापूस धरायचा, एका हाताने दांडा फिरवायचा. रुई पलीकडे निघे आणि सरकी अलीकडे गळे. हे काम बायांचे. शेतकरी बाजारात न्यायचा ती रुई. सरकी घरीच राहायची, बैलांच्या पेंडीला आणि पुढच्या पेरणीला. रेल्वेनंतर स्टेशनाच्या आसपास वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले, तसे हे सगळे उलटे झाले. शेतकरी सरकीसकट कापूस विकू लागला. रेच्यावरची मजुरी गेली, सरकी व्यापाऱ्याकडे गेली. पेरणीला बी हवे तर ते विकत घ्यायचे, आणि जिनातून निघालेली सरकी दहा गावच्या कापसाची मिसळ. वऱ्हाडात एके काळी नावाजलेला 'बनी' हा लांब धाग्याचा कापूस मागे पडून आखूड धाग्याची, पण जास्त उतारा देणारी 'जरी' पसरली. त्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत हेही एक होते.

आता जिनाच्या आत या. लांबट शेड, मधून जाणारा दांडा, त्यावरून दोन्ही बाजूंच्या चरक्यांना जाणारे पट्टे. प्रत्येक चरकीला कातड्याची लाट, तिला घासून बसलेले पाते, खाली वरखाली हलणारी दुसरी पट्टी. लाट तंतू ओढून घेते, पाते सरकी अडवते आणि हलती पट्टी ती खाली पाडते. एका चरकीपुढे एक बाई. मांडीशी कापसाचा ढीग, आणि दिवसभर मुठीमुठीने तो चरकीच्या तोंडी द्यायचा. हवेत इतकी कुस की समोरच्या चरकीवरची बाई धूसर दिसते. नाकातोंडाला पदर बांधलेला. पाठीमागे पोर झोळीत किंवा रुईच्या ढिगावरच निजलेले. पट्ट्यात लुगडे सापडले तर काय होते, ते जिनाच्या गावांत सांगावे लागत नाही.

हे काम किती तास चाले? शेजारच्या खानदेशातल्या जिनांविषयी १८८४–८५ च्या मुंबईतल्या कारखाना आयोगापुढे साक्षी झाल्या. हंगामात पहाटेच्या अंधारापासून रात्री दहापर्यंत बाया काम करतात, माल साचला की त्याहूनही जास्त, असे तिथे मालकांच्या बाजूच्या माणसांनीच सांगितले. खानदेश आणि वऱ्हाडचे जिन एकाच घडणीचे आणि एकाच हंगामाचे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा त्यांना लागू नव्हता, कारण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. हंगामी कारखान्यांचा नीट विचार १९११ च्या कायद्यात झाला. ज्या लँकेशायरसाठी इथे रुई निघत होती, तिथल्या गिरण्यांत बायांच्या कामाला १८४७ च्या कायद्यानेच दहा तासांची मर्यादा घातली होती. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन न्याय होते आणि तेही चौसष्ट वर्षे. आपल्या बाजाराच्या इतिहासात ही ओळ ठळक छापली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रेसचे काम पुरुषांचे. मोकळी रुई पेटीत घालून, तुडवून, मग दाबून ३९२ पौंडांची गठाण बांधायची. मुंबईच्या बाजारात ७८४ पौंडांची खंडी चाले, तिची ही बरोबर निम्मी. अशी घट्ट दाबलेली खामगावची गठाण न उघडता लिव्हरपूलला पोचे. गठाणीत काय भरले आहे ते उघडल्यावरच कळायचे, म्हणून पाणी मारणे, सरकी आणि माती मिसळणे, चांगल्या रुईच्या पोटात हलकी भरणे हे प्रकार सुरू झाले. शेतकऱ्याला यासाठी फार बोल लावला गेला. पण तो पाणी मारी तेव्हा अडत्याचा काटा काय करी, याचाही हिशेब व्हायला हवा होता.

तो काटा आणि तो सौदा कसा होता, हे जुन्या बाजारांच्या वर्णनांतून चांगले कळते. पहाटे गाडीतळावर गाड्या सुटत. बैल सोडून जुवाला बांधत, पुढ्यात कडबा टाकत. उजाडले की दलाल गाड्यांमधून फिरू लागे. गाडीच्या मधल्या थरातून हात घालून मूठभर कापूस उपसायचा, चार बोंडे सुटी करायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत तंतू धरून हलकेच ओढायचा. तो कुठे तुटतो यावर भाव. मग खरेदीदार आणि दलाल यांचे हात रुमालाखाली मिळायचे. बोटे दाबून भाव ठरायचा आणि जवळ उभ्या असलेल्या, माल ज्याचा त्या माणसाला तो दिसत नसे. 'काय निंगला भाव, बाप्पा?' असे शेजारच्या गाडीवाल्याने विचारले तर सांगायला त्याच्याकडे काही नसे. गाडी जिनात जाऊन माल उतरला, की कापूस ओला आहे, कवडी आहे, असे म्हणून ठरलेला भावही खाली यायचा. रिकाम्या हाताने आणि अर्ध्या उतरलेल्या गाडीसह परत कुठे जायचे? शेवटी हिशेबाची पट्टी बने. तीत अडत, दलाली, तोलाई, हमाली, कट्टी, नमुना, धर्मादाय, गोशाळा. धर्मादायाला कोणाचा विरोध असणार? पण दान देणाऱ्याचे नाव त्या पट्टीवर कधी नसे, नाव व्यापाऱ्याचे होई.

या पार्श्वभूमीवर कायद्याकडे पाहावे. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा इथे हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. त्या अनुभवावर १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. देशात असा हा पहिलाच कायदा. बाजाराची जागा जाहीर करायची, आसपास दुसरा बिनपरवान्याचा बाजार भरू द्यायचा नाही, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने द्यायचे, तोलाई आणि इतर आकार ठरवून द्यायचे, आणि कारभार समितीकडे सोपवायचा. वऱ्हाडचे कापूस बाजार एकामागून एक या चौकटीत आले. पुढे मुंबई, मद्रास, पंजाब यांनी आपापले कायदे करताना वऱ्हाडचा नमुना समोर ठेवला. देशातल्या आजच्या सगळ्या बाजार समित्यांची आजी वऱ्हाडात जन्मली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावे.

पण त्या समितीत कोण होते? नगरपालिकेचे प्रतिनिधी आणि कापसाचे व्यापारी. पिकवणाऱ्याचा एकही नाही. वाद व्यापारी आणि शेतकरी यांच्यात होई आणि निवाड्याला व्यापारीच बसत. शिवाय बाजाराचे शिलकी उत्पन्न नगरपालिकेच्या तिजोरीत जाई. गावचे रस्ते, दिवे यांवर खर्च झालेला हा पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण गाडीतळावर उन्हात थांबलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर छप्पर आणि बैलांना पाण्याचा हौद त्या पैशातून आधी व्हायला हवा होता. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांच्या नेमक्या याच दोन उणिवांवर बोट ठेवले.

कायदा झाला तेव्हाचा काळही आठवला पाहिजे. १८९६–९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९–१९०० चा, जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. कपाशीची रानेच्या राने, आणि घरात ज्वारी विकत आणायची. भाव धान्याचे चढलेले, कापूस आलेलाच नाही, जिन बंद, म्हणून मजुरी बंद. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजारांवर आली. मधल्या दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी दीड लाखाच्या आसपास कमी भरली. भूक, पटकी आणि ताप यांनी ही माणसे नेली. त्या काळात अमेरिकेहून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनची ठाणी अकोला, खामगाव भागात होती. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांनी सांभाळली. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काही मत असो, पोर जगवणाऱ्याची नोंद ठेवायला हरकत नसावी.

खामगाव तालुका तोवर अकोला जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. घाटावरच्या जिल्ह्याला त्यामुळे खोऱ्यातली सुपीक पट्टी आणि तिची बाजारपेठ मिळाली. एव्हाना अमरावती आणि अकोल्याने खामगावला मागे टाकायला सुरुवात केली होती. एके काळचा मोठा बाजार असा उल्लेख त्या काळच्या गॅझेटियरमध्येच येऊ लागतो. मुख्य मार्गावर असलेल्या अकोल्याशी बरोबरी करणे फाट्यावरच्या गावाला अवघडच होते. खामगावहून जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी, म्हणजे हे गाव फाट्याचे टोक न राहता वाटेवरचे ठाणे होईल, ही मागणी तेव्हापासूनच्या पिढ्या करत आल्या. सर्वेक्षणे होत राहिली. आजही आपण तीच मागणी करतो आहोत आणि जलंबची गाडी आजही तेच तेरा किलोमीटर धावते आहे.

विसाव्या शतकाची पहिली पन्नास वर्षे मी थोडक्यात सांगतो. शेती खात्याने 'रोझियम' हे निवडक बियाणे वाटले. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने परप्रांतीचा हलका कापूस आणून चांगल्यात मिसळण्याला आळा घातला, १९२५ च्या कायद्याने जिन-प्रेसची नोंद आणि गठाणीवर प्रेसची खूण आली. मुंबई प्रांताने १९२७ च्या कायद्यात शेतकऱ्यांना समितीत स्थान दिले. मध्य प्रांत-वऱ्हाडने १९३२ मध्ये कापूस बाजारांचा आणि १९३५ मध्ये इतर शेतमालाचा नवा कायदा केला. उत्पादकाचा माणूस समितीच्या बैठकीत दिसू लागला तो या काळात. १८९७ पासून मोजले तर एक पूर्ण पिढी मध्ये गेली होती.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. आज आपण जिला बाजार समिती म्हणतो, तिचे रूप या कायद्याने ठरवले. सेवा सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या मतदारसंघांतून शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुमताने येणार, व्यापारी-अडत्यांचे वेगळे, हमाल-मापाऱ्यांचाही एक. रुमालाखालचा भाव गेला आणि उघडी हर्राशी आली. माल विकला त्याच दिवशी चुकारा द्यायचा, पट्टीवर छापलेल्या आकारांपलीकडे काही कापायचे नाही. या सुधारणा कागदावर लहान दिसतात. ज्यांच्या आजोबांनी जुना गाडीतळ पाहिला होता, त्यांना त्यांचे मोल ठाऊक होते. हमालाला समितीत खुर्ची मिळाली, हे तर मला या कायद्यातले सर्वांत सुंदर कलम वाटते.

मग १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि कापसाचा बाजार असा उरलाच नाही. कापूस विकायचा तो सरकारलाच, पणन महासंघाच्या केंद्रावर. हेतू उत्तम होता. व्यापाऱ्याच्या हातून सोडवून शेतकऱ्याला हमीचा भाव द्यायचा आणि वर नफा झाला तर त्यातही वाटा. पहिल्या काही वर्षांत अनेकांना त्याचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा रात्ररात्र उभ्या राहू लागल्या, प्रतवारीवरून भांडणे होऊ लागली, चुकारे महिनोन्‌महिने अडकू लागले. बाजूच्या मध्य प्रदेशात भाव जास्त निघाला की आपल्या जिल्ह्यातून रातोरात कापूस हद्द ओलांडे, आणि स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या मर्जीने विकणारा कास्तकार गुन्हेगार ठरे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात वऱ्हाड ढवळून काढला, त्यामागे हा राग होता. साधारण तीस वर्षांनी, २००२ च्या आसपास, खासगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली.

त्याच साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. उत्पादन वाढले, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्चही वाढला, आणि कोरडवाहू रानातला जुगार मोठा झाला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. ज्या खोऱ्याचा कापूस नेण्यासाठी व्हाइसरॉय आला होता, त्याच खोऱ्यात सव्वाशतकाहून अधिक काळाने देशाचे सरकार कर्जाचे आणि मृत्यूचे हिशेब घेऊन उतरले. मधल्या काळात भाव कोणी ठरवला आणि जोखीम कोणी उचलली, हा प्रश्न तिथे परत उभा राहतो.

आता हंगामात आवारात गेले तर कापसापेक्षा सोयाबीन आणि तुरीचे ढीग जास्त दिसतात. कापूस बहुधा थेट जिनांच्या दारात किंवा सरकारी खरेदी केंद्रावर जातो. शहराची ओळखही बदलली. शुद्ध चांदीच्या बाजारामुळे आता लोक खामगावला रजतनगरी म्हणतात. कापसाच्या हंगामात मुंबईहून चांदीच्या रुपयांच्या थैल्या याच मुलखात येत असत, म्हणून गावाचे हे नवे नाव मला परके वाटत नाही.

शेतकऱ्याच्या जागेचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. १९६३ च्या कायद्याने त्याला प्रतिनिधी दिला, पण मत दिले नाही. मत देतात ते सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. २०१७ मध्ये कायदा बदलून किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क दिला गेला. काही समित्यांच्या निवडणुका तशा झाल्याही. निवडणुकीचा खर्च समित्यांना पेलत नाही, हे कारण देऊन २०२० मध्ये तो हक्क काढून घेतला. खर्चाची अडचण खरी असेल. पण वऱ्हाडच्या समित्यांचे उत्पन्न सव्वाशे वर्षे ज्याच्या गाडीवरून येत आहे, त्याच्या मतपत्रिकेचा खर्च त्या उत्पन्नातून निघायलाच हवा, आणि तसा ठराव करून शासनाकडे पाठवण्याचे काम या स्मरणिकेच्या वर्षातच हाती घ्यावे, असे माझे संचालक मंडळाला सांगणे आहे.